पोडावर आधी पाणी

मुकुटबनच्या पुढं माथनी नावाचं गाव आहे. तिथं पंचफुला सरपंच झाली. त्याआधी बारा वर्षं ती आशाताई होती, म्हणून घराघरात तिचं जाणं-येणं. टेकडीवरच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीत, म्हणजे पोडावर, नळ होते, पण त्यांतून नुसती हवा यायची. आठवा महिना लागलेली सोमीबाई टेकाम ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाण्याचं गुंड डोक्यावर घेऊन चढण चढत होती, ते पंचफुलानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

टाकी भरली की पाणी सोडणारा श्रावण आधी मोठ्या गल्लीचा व्हॉल्व्ह खोलायचा. जुने सरपंच विठ्ठलराव तिथलेच, सदस्यही बहुतेक तिथलेच. मग बौद्धपुरा, जिथं पंचफुलाचं घर. पोडाची पाळी येईपर्यंत टाकीचा तळ दिसायचा.

पहिल्याच ग्रामसभेत पंचफुलानं हा क्रम उलटा करायचं ठरवलं. आधी पोड, मग मोठी गल्ली आणि सगळ्यांत शेवटी बौद्धपुरा. विठ्ठलरावांनी विरोध केला. पोड उंचावर आहे, तिथवर पाणी पोचवण्यातच टाकी रिकामी होईल, असं त्यांचं म्हणणं. पंचफुलानं शांतपणे सांगितलं, की कमी पडलं तर आधी माझ्या घरी कमी पडेल. बायांचे हात वर गेले आणि ठराव झाला.

घरी मात्र नवरा नाराज होता. संघदीप म्हणाला, "आपल्या लोकाईनं तुले निवडून देलं, अन् आपल्यालेच शेवटी ठेवतं?"

"निवडून देलं म्हनूनच शेवटी," ती म्हणाली. "सगळ्याईच्या पुढं भांडं लावाले मी उभी नव्हती राह्यली."

पोडावर पाणी चढलं, पण पुढचे तीन आठवडे कठीण गेले. बौद्धपुऱ्यात करंगळीएवढी धार यायची. शेजारणी बोलायच्या, ती ऐकून घ्यायची आणि सकाळी त्यांच्याच सोबत हातपंपावर रांगेत उभी राहायची. ठराव मागं घे, असं खुद्द सासूनंही एकदा सुचवलं. तिला वाईट वाटलं, पण सोमीबाईच्या दारात भरलेली गुंडं पाहून आली की मन थाऱ्यावर यायचं.

मग तिनं श्रावणला घेऊन लाइन पायी तपासायला घेतली. पाइप दोन ठिकाणी पाझरत होता, नऊ नळांना तोट्याच नव्हत्या. हे दुरुस्तीचं काम सुरू असताना विठ्ठलराव स्वतः आले. आता पाण्याची त्यांनाही वाट पाहावी लागत होती, त्यामुळं ते कुठं मुरतं याचा शोध त्यांनीही लावला होता. ते दोघांना आपल्या पुतण्याच्या अंगणात घेऊन गेले. तिथं गोणपाटाखाली लाइनमधलं पाणी ओढून घेणारा छोटा टिल्लू पंप थेट नळाला जोडलेला होता.

"मी सरपंच होतो तवापासून हाय हा," विठ्ठलराव खाली पाहत म्हणाले. "मले कधी कमी पडलं नाई, म्हनून मी कधी पाह्यलं नाई."

पुतण्या कुरकुरत होता, तरी विठ्ठलरावांनी उकिडवं बसून पंप स्वतःच्या हातानं सोडवला. त्याच गल्लीत असे आणखी चार निघाले. एकेका घरी विठ्ठलराव स्वतःच पुढं होऊन बोलले. त्यामुळं भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बौद्धपुऱ्यातल्या शेवटच्या नळाला चांगली जाड धार आली. संघदीपनं आधी शेजारच्या म्हातारीचं पिंप भरून दिलं, मग घरचं.

आता उन्हाळा आहे. पाणी अजूनही त्याच क्रमानं सुटतं आणि त्यावर आता कोणी वाद घालत नाही. सोमीबाईची मुलगी दीड वर्षाची झाली. मागच्या आठवड्यात पोडावर गेलेल्या पंचफुलाला सोमीबाईनं अंगणात लावलेली वांगी दिली, ओटीभर. सगळी कोवळी होती. त्या दिवशी पंचफुलानं घरी भरीत केलं आणि सासूनं दोनदा मागून घेतलं.