सरदारच्या पिसवा

रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहणाऱ्या बेने इस्रायली रेचलबाईंची त्या आठवड्यात झोप उडाली होती. एक तर धाकटी बहीण शीरा रविवारी इस्रायलहून येणार होती. कितीतरी वर्षांनी दोघी बहिणी मिळून घरात मलिद्याचं ताट मांडून प्रार्थना करणार होत्या. आणि दुसरं म्हणजे पायांना सुटलेली खाज.

"डास हायत, दुसरं काय," असं म्हणून त्यांनी कडुलिंबाचा धूर केला. पण गुरुवारी सकाळी शीरासाठी ठेवणीतली पांढरी चादर अंथरली, तर मधोमध एक काळा ठिपका. बोट नेलं, तर ठिपक्यानं टुणकन उडी मारली आणि गायब!

"प्रतिक्षा! अगो प्रतिक्षा, धाव!"

प्रतिक्षा ही शेजारची सून. माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं, आणि आवाज असा की ऐलतीरावरून पैलतीरावर पोचावा. ती ओल्या हातांनीच धावत आली. खुर्चीत सरदार मागच्या पायानं मान खाजवत बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, डास कुठले? पिसवा हायत या! तुमच्या सरदारनं आणल्यात."

सरदार म्हणजे केसाळ, पिवळंधमक मांजर. दिवाळीत कुठून तरी आलं आणि रेचलबाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या, आरोनच्या खुर्चीत जे बसलं ते तिथलंच झालं. त्याचा तोरा बघूनच त्यांनी नाव ठेवलं होतं. मध्यंतरी त्याचं पोट सुटलं, तेव्हा मांदेलीची डोकी जास्त झाली म्हणून त्यांनी ती बंदही केली होती.

"आमच्याकडं कुत्र्याची पिसवांची पावडर हाय, मारू का?" प्रतिक्षानं विचारलं.

"नको गो, काय भलतंच व्हायचं. आधी डॉक्टरला दाखवू."

पेणला जनावरांच्या डॉक्टर सुरभी प्रतिक्षाच्या ओळखीच्या होत्या. सरदारला झाकणाच्या टोपलीत घातलं, वरून ओढणी बांधली आणि दोघी एसटीत बसल्या. नागोठणं येईपर्यंत टोपलीतून असा काही आक्रोश सुरू झाला की कंडक्टर मागं आला.

"आजी, वाघ घेऊन चाललात काय?"

"वाघ नाय, सरदार!" रेचलबाई टोपली छातीशी धरून म्हणाल्या, आणि सगळी गाडी हसली.

डॉक्टरांनी सरदारच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, निघालेली काळी कणी ओल्या कापसावर टाकली. कापूस लाल झाला.

"ही पिसवांची विष्ठा. प्यालेलं रक्त असतं यात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मांजर उताणं केलं, केस बाजूला सारून पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, "आजी, याला सरदार कोणी म्हटलं? ही मांजरी आहे. आणि दूध पाजतेय. पिल्लं कुठे आहेत?"

रेचलबाईंनी आ वासला. "पिल्लं? कुठली पिल्लं?"

"घरातच कुठेतरी लपवली असणार. लगेच जा. एवढ्याशा जिवांचं रक्त पिसवा पिऊन टाकतात." बोलता बोलता डॉक्टरांनी पाजणाऱ्या मांजरीला चालणारं औषध मानेवर सोडलं. "पिल्लांना औषध नको, नुसती फणी. आणि कुत्र्याची पावडर चुकूनसुद्धा नको, मांजराच्या जिवावर बेतते. सापडत नसतील तर पांढरे मोजे घालून घरभर हळूहळू फिरा. जिथे मोज्यांवर पिसवा जास्त, तिथेच तिचं अंथरूण."

स्टँडवर रोह्याची गाडी सुटतच होती. प्रतिक्षानं मारलेल्या हाकेनं ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रेचलबाईंना मात्र वाटभर एकच घोर लागला होता. पिल्लं सकाळपासून उपाशी, आणि आईला तर आपणच उचलून नेलं!

घरी टोपली उघडली, तर सरदार तडक कपाटावर चढली आणि रागानं डोळे वटारून बसली. खाली उतरेल तर शपथ. शेवटी रेचलबाईंनी आरोनचे क्रिकेटचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढले.

स्वयंपाकघरात काही नाही. झोपायच्या खोलीत दोन-चार ठिपके. मागच्या खोलीत पाय ठेवला मात्र आणि मोज्यांवर काळे तीळ पेरल्यासारखं दिसू लागलं.

"मावशी, हितंच! हितंच हायत!" प्रतिक्षा ओरडली.

कोपऱ्यात जुना पाळणा होता, त्यावर गोधड्यांचा ढीग. वरची गोधडी उचलताच आतून एवढीशी किरकिर आली. तीन पिल्लं! दोन पिवळी वळवळत होती, तिसरं काळं-पांढरं निपचित पडलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक.

तेवढ्या आवाजानं सरदारनं कपाटावरून झेप घेतली आणि ती पाळण्यात शिरली. रेचलबाईंनी निपचित पिल्लू पदरात घेतलं. प्रतिक्षा फणी फिरवी आणि साबणाच्या पाण्यात बुडवी. पाण्यात पिसवा तडफडत बुडत होत्या. पिल्लू मऊ फडक्यानं चोळून ऊबदार झालं, तेव्हा त्यांनी ते आईच्या पोटाशी लावलं. आधी नुसतंच पडून राहिलं. मग तोंड हललं. मग चक्क चुपचुप आवाज आला.

"प्यायलं गो, प्यायलं!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

नेमका तेव्हाच शीराचा व्हिडिओ कॉल आला. रेचलबाईंनी एका दमात सांगून टाकलं, "शीरा, तू पेणला लॉजवर उतर. घरात पिसवा झाल्यात, मला लाज वाटतेय."

"आधी पिल्लं दाखव!" शीरा ओरडली. मग म्हणाली, "लॉजवर? अगो, लहानपणी शेजारच्या शेळ्यांना बिलगून झोपायचो आपण. मी घरीच येतेय."

शुक्रवारी घर उलटंपालटं झालं. गोधड्या उकळत्या पाण्यात बुडाल्या, गाद्या उन्हात पडल्या, फटीफटीतली धूळ झाडून पिशवीत घट्ट बांधून बाहेर गेली. दिवस मावळायला आला तसा रेचलबाईंनी झाडू ठेवला, आंघोळ केली आणि शब्बाथचा दिवा लावला. आता शनिवार मावळेपर्यंत काम बंद. पिल्लांना फणी मात्र शनिवारीही फिरली.

रविवारी शीरा गाडीतून उतरली ती बॅगा तशाच टाकून आत पळाली. काळं-पांढरं पिल्लू तिच्या हातात बसेना, नुसतं वळवळत होतं. मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, नारळ, फळं रचून प्रार्थना चालू होती, आणि शीरा मध्येच घोटा खाजवून बहिणीकडे डोळे मोठे करून पाहत होती. रेचलबाईंना हसू आवरेना.

फटीतल्या कोषांतून नव्या पिसवा निघतच राहिल्या. दोघी बहिणींनी रोज झाडलं, रोज फणी केली. शीराच्या परतीच्या दिवशी सकाळी रेचलबाई मोजे घालून साऱ्या घरातून फिरून आल्या आणि ओटीवर उभ्या राहून ओरडल्या, "एक नाय! एकसुद्धा नाय!"