जिभेकडून येणारा डबा

मी अश्विनच्या जिभेची एक नस बोलतेय. माझं घर मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी. तिथून एक लांब धागा जिभेपर्यंत जातो. तो धागाही मीच.

अश्विन आईच्या पोटात होता तेव्हा मी जन्मले. माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. ज्यांना डबा मिळाला त्या जगल्या. डबा म्हणजे पोळी-भाजी नाही. जिभेचा स्नायू आणि माझ्या भोवतीच्या लहान पेशी मला जगवणारे कण पाठवतात. डॉक्टर त्यांना वाढीचे घटक म्हणतात.

नागपूरहून बसने काटोलला जाऊन अश्विन संत्र्यांच्या मंडीत बोली पुकारायचा. त्याचा आवाज सुरू झाला की व्यापारी अर्धा चहा ठेवून यायचे. मला फार बरं वाटायचं.

मागच्या वर्षी माझ्या शेजारणी वाळायला लागल्या. कशानं, ते मलाही कळलं नाही. त्यांचंही काम मी अंगावर घेतलं, तरी अश्विनचे शब्द घसरू लागले. मंडीत एक जण म्हणाला, "सकाळीच पिऊन आला काय गा?" अश्विन हसला.

त्याची बायको मिनल. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनेच त्याला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "नसा मरत जाण्याचा आजार आहे. नसांना जगवणारे घटक असतात. ते औषध म्हणून देऊन पाहिले. उंदरांमध्ये उपयोग दिसला, माणसांत अजून जमलेलं नाही." मिनलने त्यातलं एकच धरलं, नसेला खाऊ पाहिजे.

मग काय! अश्विनच्या आईनं, प्रयागबाईंनी, रोज बकऱ्याच्या पायाचं सूप चढवलं. वरून बदाम, खारीक, तूप.

"काहून पीत नाहीस रे? तुही नस उपाशी मरून राहिली ना!"

"आता सरकीची ढेप तेवढी राहिली," अश्विन मिनलला म्हणाला, "तेही आण वं. मले बैलच समजून राहिल्या तुम्ही."

दोघी हसल्या. पण पातळ सूप मला आवरत नव्हतं. घोट श्वासनळीकडे पळायचा. अश्विन हळूच खोकून लपवायचा. दोघींचं मन कसं मोडायचं?

परवा मिनलने वाटी त्याच्या तोंडाला लावली. "एवढं संपवा." घोट चुकला. अश्विन निळा पडला. मिनल त्याच्या पाठीत मारत राहिली. शेवटी खोकला फुटला, श्वास आला. प्रयागबाई पदर तोंडात धरून भिंतीला टेकल्या.

"सांगितलं काहून नाही?" मिनल रडत म्हणाली.

"तुम्ही एवढ्या मायेनं..." पुढचे शब्द मला नेता आले नाहीत. पण तिला समजलं.

डॉक्टरांनी सांगितलं, पातळ बंद. घट्टसर, लहान घास, हनुवटी खाली. नसेचा डबा तोंडातून पाठवता येत नाही.

"मग आम्ही काय करायचं?" मिनलने विचारलं.

"त्यांना विचारत जा."

आता प्रत्येक घासाआधी ती थांबते. "देऊ?" अश्विन सांगतो, दे किंवा थांब.

माझ्या आणखी दोन शेजारणी या आठवड्यात गेल्या. माझा डबा शोधणाऱ्यांनो, जरा लवकर करा. तोवर गोष्टी सांगायला, गाणं म्हणायला मी कमी पडले तरी चालेल. "थांब" एवढा एक शब्द जिभेपर्यंत नेता यावा, इतकी तरी मी उरायला हवी.