कारभारी ऑक्सिजनवर

दुखणं आलं की माणसानं खाटेवर पडावं आणि चार जणांनी येऊन विचारपूस करावी, अशी जगाची रीत आहे. कारभारीच्या दुखण्याला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. ते रोज दुपारी चारला यायचं, डाव्या डोळ्यामागं तापलेली पहार खुपसल्यागत तासभर थैमान घालायचं आणि पाचच्या सुमाराला आल्या वाटेनं निघून जायचं. तेवढा वेळ कारभारीला पडता यायचं नाही, बसता यायचं नाही. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा, हौदाच्या भिंतीवर कपाळ आपटायचा. डावा डोळा लाल होऊन गळायचा, डावी नाकपुडी वाहायची, डावी पापणी खाली यायची. उजवी बाजू ठणठणीत. आणि पाच वाजले की हा गडी तोंड धुऊन चहा मागायचा. आता असल्या माणसाला आजारी कोण म्हणेल, तुम्हीच सांगा.

मखमलाबादला दोघा भावांचं एकत्र शेत होतं. थोरला भिमाजी, धाकटा कारभारी. फुलं पिकवायची आणि नाशिकच्या बाजाराला धाडायची, हे बापजाद्यांपासूनचं काम. कुंभमेळा होऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. झेंडू असा फुलला होता की बघणाऱ्याची नजर लागावी. दसरा तोंडावर आलेला. उन्हं कलली की तोडणीला लागायचं, आणि नेमका त्याच वेळी कारभारी पाटी टाकून घराकडे पळायचा. पहिले दोन दिवस भिमाजी काही बोलला नाही. मग म्हणाला, "डोकं कोणाचं दुखत नाय?" आठवड्यानं म्हणाला, "कामाच्या वेळेलाच बरं दुखतं तुझं." त्यानंतर त्यानं भावाशी बोलणंच टाकलं. कारभारीच्या बायकोला, प्रतिभाला, दारातूनच सांगून गेला की दसरा झाला की वाटणी करू, त्याचं डोकं त्याला लखलाभ आणि माझं शेत मला.

हे कारभारीला दुखण्यापेक्षा जास्त लागलं. बाप लवकर गेला तेव्हा भिमाजीनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं. सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं. त्या भावानं आपल्याला कामचुकार म्हणावं, याहून वाईट ते काय. एकाच बांधावर दोघं समोरासमोर यायचे आणि भिमाजी मान फिरवून पुढं जायचा.

उपाय काय कमी झाले होते? अर्धशिशी असेल म्हणून कारभारीनं सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली. पोट सुटलं, डोकं थांबलं नाही. नवा चष्मा झाला. दोन धडधाकट दाढा उपटून झाल्या. सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, त्या इतक्या तडतडल्या की गल्लीतल्या सगळ्यांना ठसका लागला. शेवटी प्रतिभा म्हणाली, "पुरे झालं," आणि त्याला शहरात गंगापूर रोडला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्याला क्लस्टर हेडेक म्हणतात. असंच ठरल्या वेळेला येतं. महिना-दीड महिना छळतं, मग कित्येक महिने पत्ता नसतो. ह्यानं माणूस मरत नाही. पण बाळंतपण झालेल्या बायासुद्धा सांगतात की त्या कळा परवडल्या."

प्रतिभाची तीन बाळंतपणं झालेली होती. तिनं नवऱ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच आदरानं बघितलं. कारभारी तर रडायलाच लागला. डॉक्टरांना वाटलं घाबरला. घाबरतोय कसला! आपलं दुखणं खरं आहे हे एका शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून ऐकून त्याला भरून आलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की ह्या लागू पडायला थोडे दिवस जातील. तोवर घरी ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवा. कळ सुरू झाली की बसूनच मास्क तोंडावर घट्ट धरायचा, पंधरा-वीस मिनिटं श्वास घ्यायचा, कळ उतरते. साधा उपाय होता. डॉक्टर शहरातले होते, आणि ऑक्सिजन या शब्दाचा गावात काय अर्थ होतो हे त्यांना कुठून माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिलिंडरचा टेम्पो गावात आला. ड्रायव्हरनं एसटीडी बूथवाल्या चंदरला विचारलं, "ऑक्सिजन कोणाकडं द्यायचाय? कारभारी नाव हाय." चंदरच्या हातातली बिडी गळाली. गावात आजवर ज्या घरात ऑक्सिजन शिरला होता, त्या घरातून माणूस चौघांच्या खांद्यावरच बाहेर आला होता. चंदर मनानं भला. कारभारीच्या घरच्यांना आता फोन करायची शुद्ध कुठली असणार, म्हणून त्यानं स्वतःच पदरमोड करून निफाडला फोन लावला, मालेगावला लावला. सगळीकडे एकच निरोप. कारभारी ऑक्सिजनवर हाय, तोंड बघायचं असंल तर निघा.

दुपारी जेवणवेळेपर्यंत अंगण भरलं. निफाडहून रंगूबाई आत्या आली. मरणाच्या बाबतीत तिचा शब्द सगळ्या नात्यागोत्यात शेवटचा. कितीतरी जणांना तिनं मांडीवर डोकं घेऊन वाटेला लावलं होतं. येतानाच पंचवटीत उतरून तिनं बाटलीत गोदावरीचं, म्हणजे आपल्या गंगेचं, पाणी भरून घेतलं होतं आणि पदराच्या टोकाला तुळशीची पानं बांधली होती. मालेगावचा मावसभाऊ भिकन आला. त्याचं काम तिरडीचं. बांबू, सुतळी, मडकं, सगळं त्याला तोंडपाठ.

कारभारी तेव्हा पिठलं-भाकरी खात बसला होता.

"खाऊ द्या, खाऊ द्या," आत्या हळूच म्हणाली. "शेवटाला भूक वाढतीच."

"आत्या, मला काय झालं नाय," कारभारी म्हणाला. "नुसतं डोकं दुखतं. डॉक्टर म्हणले, ह्यानं मरत नाय."

अंगणातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि बायांनी डोळ्याला पदर लावला. पेशंटला कुणी सांगतं का? आपल्याकडे ज्याचा आजार त्यालाच तो सांगत नाहीत, हे काय कारभारीला माहीत नव्हतं? त्याच्या स्वतःच्या सासऱ्याला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा यानंच तीन महिने 'गॅस झालाय' म्हणून सांगितलं होतं. आता तो जितकं 'नाही' म्हणे, तितकी लोकांची खात्री पटे. प्रतिभानं तेच सांगितलं तर म्हणाले, बिचारीला पण कळू दिलं नाय. ती चिडली तर म्हणाले, बाई धीराची हाय.

भिकन शेजारी येऊन बसला. त्यानं कारभारीच्या गुडघ्यावर हात ठेवला, खाली-वर बघितलं आणि सहज विचारल्यासारखं केलं, "दादा, उंची किती असंल तुमची?"

"का रे?"

"काय नाय. बांबूचं दुकान आज लवकर बंद होतं."

कारभारीचा घास तोंडातच राहिला. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भिमाजी आला. शेतातून तसाच पळत आला होता, पायाला चिखल, हाताला झेंडूचा वास. त्यानं भावाला बघितलं आणि जागेवरच बसला. "वाटणी गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "माझी जीभ झडली कशी नाय रे. तू सगळं शेत घे. फक्त जाऊ नको."

आता बघा माणसाचं मन कसं असतं. सांगायला कारभारीचं तोंड उघडलंच होतं. पण कित्येक दिवसांनी भाऊ घरात आला होता, गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. मी मरत नाही, नुसतं डोकंच दुखतंय, असं म्हटलं तर हा उठून जाणार आणि परत वाटणी बोलणार. मेलो तर भाऊ आपला, जगलो तर परका. असला पेच कुणा वैऱ्यावरही येऊ नये. कारभारी गप्प बसला आणि भिमाजीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मरणारा माणूस जगणाऱ्याला धीर देतोय हे बघून तर सगळं अंगण हुंदके द्यायला लागलं.

चार वाजले. दुखण्याला पाहुण्यांचं काय? ते आलं. कारभारी झटकन उठून सिलिंडरजवळच्या स्टुलावर बसला. आज पहिल्यांदाच त्याला चारची भीती वाटत नव्हती, कारण आज उपाय हाताशी होता. त्यानं मास्क तोंडाला लावला आणि प्रतिभा सिलिंडरची चकती फिरवायला पुढं झाली.

"थांबा," आत्या म्हणाली. तिनं कारभारीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डावा डोळा लाल, पापणी पडलेली, नाक एकाच बाजूनं वाहतंय. "डावी बाजू गेली," तिनं निकाल दिला. "उजवी जायला येळ लागायचा नाय. खाली घ्या त्याला. माणसाचा जीव जमिनीवरच जावा."

आणि मग जे झालं ते प्रेमापोटीच झालं, हे आधीच सांगून ठेवतो. चौघांनी कारभारीला उचललं. मास्क ओढून काढला, कारण तोंडात गंगा घालायची होती. सारवलेल्या जमिनीवर त्याला उताणं पाडलं. या दुखण्यात माणसाला घटकाभर आडवं होववत नाही, आणि इथं भिकन पायावर बसला होता, दोघं दंडावर होते आणि डोकं भिमाजीच्या मांडीवर घट्ट धरलेलं. बायांनी प्रतिभाला मिठ्या मारून मागं ओढलं होतं. ती त्या घोळक्यातून ओरडत होती, "सोडा मला, त्यांना बसवा," आणि बाया तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो."

कारभारी तडफडत होता. डोळ्यामागची पहार फिरत होती आणि वरून तोंडात पाणी पडत होतं. तो थुंकला. आत्यानं परत ओतलं. त्याला वाटलं, हे जर मरण असेल तर लवकर येऊ दे. आपलं डोकं तो भिमाजीच्या हातात आपटत होता, आणि भिमाजी सगळ्या ताकदीनं ते आवरत होता.

"दादा," कारभारी कसाबसा म्हणाला. "सोड. बसव मला. मास्क दे."

"पाणी पोटात जाऊ दे आधी," आत्या म्हणाली.

भिमाजीनं आत्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "मरणाऱ्याची इच्छा हाय," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आत्याचा हात बाजूला सारला. त्यानं भिकनला ढकललं, कारभारीला काखेत धरून स्टुलावर बसवलं आणि मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला. प्रतिभा बायांमधून सुटून आली. तिनं चकती फिरवली.

सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं कारभारीचे खांदे सैल पडले. मग हाताच्या मुठी उघडल्या. मग त्यानं मान वर केली.

"विझायच्या आधी दिवा मोठा होतो," आत्या म्हणाली.

पण दिवा विझेना. कारभारीनं मास्क काढला, पदरानं तोंड पुसायला आलेल्या बायकोकडे चहा मागितला. अंगणात कुजबुज सुरू झाली. भिकननं सुतळीचं बंडल पिशवीत परत घातलं. आत्या उठून उभी राहिली, तिच्या अनुभवात असं कधी झालं नव्हतं. "चहा मागतो? मग मला निफाडहून कशाला आणलं?" ती म्हणाली आणि उरलेली गंगा तुळशीच्या बुडाला ओतून चपला शोधायला लागली.

"थांब आत्या, बोलू नको," भिमाजी म्हणाला. तो अजून स्टुलाशेजारी जमिनीवर बसून होता. "बरं वाटतंय का रे?"

कारभारीला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. दसऱ्यापर्यंत थोडंसं मरत राहिलं तर कुणाचं काय जातं? पण भावाचा चेहरा बघून त्याला ते जमेना.

"दादा, मी मरत नाय," तो म्हणाला. "हे तेच हाय, रोजचं चारचं. डोकं दुखतं म्हणत होतो ना, ते हे."

 भिमाजी आपल्या हातांकडे बघत राहिला. "हे?" तो म्हणाला. "मी हातात धरलं होतं तुझं डोकं. हे रोज?"

"रोज."

"मी तुला कामचुकार म्हणलो तवा पण?"

"तवा पण."

"आन् उद्या?"

"उद्या पण. महिनाभर तरी."

भिमाजी दुपारपासून रडतच होता, पण ते चार जणांबरोबरचं रडणं होतं, त्याला सूर होता. आता त्याच्या तोंडून आवाज निघेना, नुसती छाती हलत होती. लोक एकेक करून उठून चालले होते आणि त्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

"मेला असतास तर एकदाच रडून मोकळा झालो असतो," तो शेवटी म्हणाला. "आता रोज चारला मी काय करायचं रे?"

कारभारीनं मास्क उचलून त्याच्या हातात दिला.

"हा धरायचा," तो म्हणाला. "मला धरता येत नाय. हात थरथरतात."