पलूसच्या अंगणाखालचा मुरूम

मी मुरूम बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, मी दिसायचा नाही. पलूसजवळच्या ज्ञानूआबांच्या अंगणात उभे राहा. पायांखाली लाल-करडे पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांच्याखाली खडीची बारीक कच, आणि त्याच्याही खाली मी.

माझा जन्म दुष्काळी माण तालुक्यातल्या एका टेकाडावरचा. खडक झिजून मी झालो. ना धड दगड, ना धड माती. मेंढरं वळणारा धुळा माझ्यावर बसायचा आणि मलाच बोल लावायचा, "काय रं तुजा उपेग? कुसळसुदिक उगवत न्हाई तुज्यावर!" बोलणं झोंबायचं, पण खोटं कुठं होतं? आपण कुणाच्या कामाचे नाही, हे मी मनाशी धरूनच बसलो होतो.

मग एक दिवस मला खणून डंपरमध्ये भरलं आणि थेट उसाच्या मुलखात आणलं. दारात ज्ञानूआबा उभे होते. मला बघून त्यांनी तोंडच फिरवलं. पाहुण्याचं असं स्वागत!

त्यामागची गोष्ट मला नंतर कळली. मागच्या वर्षी आबांनी अंगणात ब्लॉक बसवले होते. फौजेतला मुलगा शिवतेज फोनवर सांगत होता, खाली मुरूम घाला. आबा कुठले ऐकायला! "आपल्या रानात कंबरभर काळी माती हाय. सोनं हाय सोनं! मग माळावरचा मुरूम कशाला इकत आणायचा?" भावकीनं माना डोलावल्या. शेतातलीच माती ओतली, सपाट केली आणि वर ब्लॉक मांडले. चार दिवस अंगण दृष्ट लागण्यासारखं दिसलं.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिचा दोष नाही, तिच्या त्या स्वभावावरच तर ऊस पोसतो. पण वरचे ब्लॉक एक वर, एक खाली झाले. तुळशीला पाणी घालायला निघालेल्या अंबूबाई, आबांच्या कारभारीण, अशाच एका वर आलेल्या कडेला अडखळल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन रोज चाला, नाहीतर पाय कायमचे आखडतील. पण अंबूबाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनात. "भुईच इमानी न्हाई, तर पाय कशाच्या जिवावर टाकू?" एवढंच म्हणायच्या. आबा ते ऐकायचे आणि गोठ्याकडे निघून जायचे.

म्हणून शिवतेज सुट्टी काढून आला होता. डोंगरात फौजेचे रस्ते बांधणारा हा गडी. त्यानं आधी ती माती पार खालच्या घट्ट जमिनीपर्यंत उकरून काढली. आबांनी ती स्वतः पाट्या भरभरून रानात नेली. मग माझी पाळी. वीतभर पसरायचं, पाणी मारायचं आणि जड लोखंडी धुम्मसनं ठोकायचं. त्यावर पुन्हा दुसरा थर. एवढा मार मी जन्मात खाल्ला नव्हता!

"टाक की रं समदा येकदम," आबा वैतागले. "वर बलाकच दिसणार हाईत."

"आबा, येकदम टाकला तर वरवर दबतो, पोटात भुसभुशीतच ऱ्हातो. मग आई पुना पडंल."

आबांनी शिवतेजच्या हातातली धुम्मस घेतली आणि स्वतः ठोकायला लागले. त्या घावांत राग नव्हता, मला कळत होतं. घराकडून रस्त्याकडे हलका उतार दिला, कच पसरली, दोरी लावून ब्लॉक बसवले, आणि मी कायमचा अंधारात गेलो.

अंगण झालं, पण अंबूबाई उंबऱ्याशीच थांबल्या. तेव्हा आबांनी पायताण काढलं, अंगणाच्या मधोमध गेले आणि चक्क उड्या मारायला लागले. म्हातारा माणूस, धोतर सावरत! कुंपणापलीकडची बायामाणसं हसायला लागली. आबा धापा टाकत उंबऱ्याशी आले.

"अंबू, माती माजी, हट्ट माजा, आन् हाड मोडलं तुजं. माजं चुकलं."

"आवं, पुरं करा! आता तुमी पडाल," अंबूबाई म्हणाल्या. मग वॉकरचे पाय ब्लॉकवर टेकल्याचा आवाज आला. ठक्. मी होता नव्हता तेवढा जीव आवळून धरला. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हालत न्हाई की वो," त्या म्हणाल्या.

शिवतेज परत गेला. रोज सकाळी वॉकर तुळशीपर्यंत जातो आणि परत येतो. दोन्ही हात वॉकरला गुंतलेले, म्हणून तांब्या घेऊन आबा मागून चालतात.

लोक अंगण बघायला येतात आणि ब्लॉकांच्या रंगाचं कौतुक करतात. माझं कुणी नाव काढत नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागतो, रंग निवडायला चार दुकानं हिंडता ना, तशी एकदा खाली काय घालताय तेही वाकून बघा. वर तुमचंच माणूस चालणार आहे.

आज सकाळी ठक् झालंच नाही. मग अनवाणी पावलं आली. हळू, थांबत थांबत. तुळशीच्या वाटेवर तांब्या थोडा डचमळला आणि ब्लॉकच्या फटीतून दोन थेंब झिरपत माझ्यापर्यंत आले.

धुळा, गड्या, अजून माझ्यावर कुसळ उगवत नाही. पण आज अंबूबाई स्वतःच्या हातात तांब्या घेऊन माझ्यावरून चालत गेल्या.