आमच्या ह्यांची साखर

आमचे हे गोदीत क्रेन चालवतात. महिनाअखेरीस त्यांची वैद्यकीय तपासणी होती. साखर कमी झाली नाही, तर क्रेनवरून काढून गेटवर बसवणार होते. नुसत्या त्या विचारानं ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं, साखर मात्र तसूभर हलेना.

रोज सकाळी मी स्वतः त्यांचं बोट टोचायचे. त्याआधी खुर्चीत बसवून उलटतपासणी. काल काय खाल्लं, कुणी दिलं, नको म्हणायला तोंड नव्हतं का? मग यंत्रावर आकडा यायचा आणि मी कपाळावर हात मारायचे. हा माणूस चोरून गोड खातो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे मात्र साखर अगदी शहाण्यासारखी आली. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी मी सोबत नेलेल्या आमच्या यंत्रावर तपासलं, आकडा तोच. मग त्यांनी मला सांगितलं, ह्यांना बाहेर बाकावर न्या आणि जरा वेळ नेहमीसारखं बोला. मी बोलले. परत आत आलो तर साखर चढलेली.

बाईंनी समजावलं. माणूस घाबरला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. ते स्वादुपिंडातल्या इन्शुलिनच्या पेशींना गप्प बसवतं आणि शेजारच्या पेशींना साखर वाढवणारं ग्लुकागॉन सोडायला लावतं. पळायला ताकद हवी म्हणून.

"पण हे कुठं पळतात?" मी विचारलं.

"पळत नाहीत, म्हणून तर साखर रक्तातच राहते."

इतकी वर्षं मी समजत होते, माणूस शांत स्वभावाचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी मूग गिळून बोट टोचलं. आकडा आणखी वर. हे म्हणाले, तू बोललीस की निदान काय चुकलं ते तरी कळतं. शेवटी यंत्र त्यांच्या हाती दिलं आणि त्या वेळी मी बाहेर फिरायला जाऊ लागले. साखर उतरली. तपासणीत पास झाले.

मला आनंद झाला. वाईटही वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाईटच जास्त वाटलं. त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून, मला जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "खरंच एवढी भीती वाटते तुम्हाला माझी?"

खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"क्रेनवर नाही वाटत," ते म्हणाले.