मतमोजणी होऊ दे

आमच्या बाबांना निवडणूक कुठलीही चालते. बाजार समितीची, पतसंस्थेची, अमेरिकेचीसुद्धा. वलगावचे दोनदा सरपंच राहिलेले बाबा, म्हणजे खुशालराव, कोण पडणार ते आधीच सांगतात, आणि अंदाज चुकला तर मतदार चुकले म्हणतात. पण कॅनडातल्या एका प्रांताची निवडणूक आमच्या ओट्यावर येऊन बसेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन आले आणि कॅनडाच्या त्याच प्रांतातल्या एका कॉलेजात अन्नप्रक्रियेच्या कोर्सला अर्ज केला. प्रवेश मिळाला. पण आता तिकडे नुसता प्रवेश पुरत नाही, प्रांत सरकारचं पत्र लागतं. बाहेरचे किती विद्यार्थी घ्यायचे, तो आकडा केंद्र प्रत्येक प्रांताला देतं आणि प्रांत तो कॉलेजांत वाटतो. पत्र नाही तर व्हिसा नाही. कॉलेजची मेल आली: तुमच्यासाठी पत्र आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवा. आणि तिथलं मतदान आदल्याच दिवशी, गुरुवारी!

मी बाबांना सगळं समजावलं. मतदार खूश राहावेत म्हणून तिथल्या सरकारनं घरच्या पोरांची फी वर्षानुवर्षं वाढू दिली नाही, अनुदानही आखडतं ठेवलं. मग कॉलेजांनी बाहेरची पोरं भरली आणि त्यांच्या फीवर गाडा ओढला. पुढे भाड्याची घरं मिळेनात, मतदार चिडले, तेव्हा कात्री बाहेरच्यांवरच चालली.

"म्हंजे आपल्यासारखंच!" बाबांना भलताच आनंद झाला. "मंग आताच हो म्हनू नको. जुन्या सरकारचं पत्र घेतलं अन् नवं सरकार आलं, तं ते पयले काय करते? स्थगिती! आपल्या पांदण रस्त्याचं काय झालं?"

मंजूर झालेला आमचा शेतरस्ता सरकार बदलताच अडकला होता, आणि आम्ही अजून चिखलातून कोबी बाहेर काढतो.

"मतमोजणी होऊ दे. आपल्या शुक्रवारी सकाळी निकाल येते, मंग दे होकार. घाई काहून करून राहिली?"

ते आठ दिवस मी एका जागी टिकले नाही. बॅग माळ्यावरून काढायची, परत वर टाकायची. मेल उघडायची, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, बंद करायची. आईनं पापड नेशील का विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

"बस ना व बाई एका जागी," आई म्हणाली. "घरभर फिरून राहिली नुसती."

शुक्रवारी सकाळी पोहे थंड होत होते आणि आम्ही तिघं मोबाईलवर वाकलो होतो. तासाभरात कळलं, तेच सरकार पुन्हा आलं.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "आता स्थगितीचं भेव नाही. दाब!"

मी होकार दाबला. लगेच उत्तर आलं. पत्रं संपली आहेत, प्रतीक्षा यादीत तुमचा क्रमांक एकेचाळीस.

मी ते वाचून दाखवलं. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माहं चुकलं, पोरी."

तिसऱ्या वेळी सरपंचपदाला अकरा मतांनी पडला तेव्हाही हा माणूस असं म्हणाला नव्हता. मी गप्प बसले असते तर सगळा दोष त्यांच्याच पदरात पडला असता. मला ते सोसवेना.

"बाबा, मेलमदी खाली एक ओळ होती. पत्रं हायेत तवरच, जो पयले हो म्हनन त्याले. म्या पयल्याच दिवशी वाचली होती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"भेव लागे. इतल्या दूर, एकटी. तुमी थांब म्हनलं, तं बरं वाटलं मले."

बाबांनी टोपीची घडी केली. "मलेबी बरंच वाटलं होतं," ते म्हणाले. "स्थगितीचं तं निमित्त होतं."

पोहे गरम करायला आत गेलेल्या आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"आता खरं सांग. जाचं हाय का तुले?" बाबांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"हो," मी म्हणाले. आठ दिवस उशिरा.

"मंग लिही कॉलेजले अर्ज," बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "फेरमोजणी मागू."