नऊ घरांचा एक टोप

दुपारी अडीचला न्हावा शेव्याजवळच्या यार्डाच्या गेटचा दांडा चौथ्यांदा अडला आणि प्राप्ती केबिनकडे पळाली. ट्रेलरांची रांग पुलापलीकडे गेली होती. त्या रांगेत तिचा बाप, काळूराम, कंटेनर घेऊन उभा होता. चारला जहाजाचा माल घेणं बंद. मग कंटेनर आला तसा परत न्यायचा.

"बाय गो, गारी हालत नाय," काळूरामचा फोन आलाच. "मशीन तुजंच हाय ना?"

"माझंच आहे. ठेव बाबा फोन."

तिचंच होतं, तीच तर पंचाईत. गेटवरच्या त्या डबीएवढ्या लिनक्स संगणकाला मेमरी चौसष्ट एमबी, आजच्या काळात चिंचोक्याएवढी. त्यात तिचे आठ प्रोग्राम चालत. एक वजन घेई, एक गाडीचा नंबर वाची, एक पावती छापी. सगळ्यांना लागणारी तयार कोडची लायब्ररी एकच, पण प्राप्तीने ती प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळी भरली होती. दोन वर्षांपूर्वी ती सामाईक होती. एके दिवशी लायब्ररीची ती फाइल बदलली गेली आणि सगळे प्रोग्राम एकदम आडवे पडले. चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून प्राप्तीचा एकच हट्ट, ज्याचं त्याच्याजवळ.

हट्ट घरातूनच आलेला. गावात लग्नकार्याला गावकीची भांडी नेतात. आठ वर्षांपूर्वी एक टोप तळ फुटून परत गेला, सगळ्यांनी काळूरामकडे बोट दाखवलं, आणि गडी इरेला पेटला. स्वतःचे चार मोठे टोप घेऊन आला. ते वर्षातून एकदा लागतात. बाकी दिवस घरात पाय पसरायला जागा नाही.

आज सकाळी चालकांचे पास तपासणारा नववा प्रोग्राम चढला आणि मेमरी संपली. अशा वेळी यंत्रणा सगळ्यात जास्त जागा अडवणारा प्रोग्राम बंद पाडते, आणि तो नेमका नंबर वाचणारा. नंबर नाही तर दांडा उठत नाही. नववा काढावा, तर पास तपासल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असा वरून हुकूम.

"मॅडम, ड्रायव्हर लोक माझा जीव घेतील!" सुपरवायझर गणराज दारातून ओरडला.

उपाय एकच होता आणि तोच तिला नको होता. दात-ओठ खात तिने नऊही प्रोग्राम नव्याने बांधले, लायब्ररी पुन्हा सामाईक केली. साडेतीन वाजले. तिने चालू प्रोग्रामांची यादी उघडली. प्रत्येकापुढचा मेमरीचा आकडा जवळपास पूर्वीएवढाच! एवढा आटापिटा करून काडीचा फरक नाही? जुने प्रोग्राम परत चढवायला तिचा हात गेलाही.

मग तिची ट्यूब पेटली. यादी प्रत्येकाच्या खात्यात ती लायब्ररी धरत होती. गावकीचा एकच टोप नऊ घरांत मोजला, तर नऊ टोप होणारच. तिने एकूण मोकळी मेमरी पाहिली. तीस एमबी! दांडा उठला. गणराजने शिट्टी फुंकली.

काळूरामचा ट्रेलर चारला आठ मिनिटं असताना आत आला. प्राप्तीला रडूच फुटलं. कंटेनर उतरवून तो केबिनशी आला, तिने दिलेलं पाणी प्यायला.

"बाबा, सगळं सामाईक केलं तेव्हा दांडा उठला," ती म्हणाली. "आपले टोपही देऊन टाकू गावकीला. किती वर्षं धरून बसायचं?"

काळूरामने रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तो टोप मीच फोरला व्हता, बाय," तो म्हणाला. "टेम्पोतून उतरवताना हातातून सुटला. चारचौघांत बोलायची लाज वाटली."

प्राप्तीने मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी ती फाइल कुणी बदलली, हे तिनेही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.